चौदा मीटर

होम सिनेमा म्हणजे मोठा पडदा आणि दणदणीत स्पीकर, अशी लोकांची समजूत असते. मी ती दुरुस्त करतो. दुरुस्त करण्याची मला खोडच आहे. होम सिनेमा म्हणजे भिंतीच्या पोटातले पाइप. पडदा उद्या बदलता येतो, प्रोजेक्टर चार वर्षांत जुना होतो, पण प्लास्टरच्या आत चुकीच्या जागी गेलेला पाइप घर पाडेपर्यंत तिथंच राहतो. म्हणून मी आधी सगळं कागदावर काढतो. मशिनांचं कपाट कुठं, पडद्यामागचे तीन स्पीकर कुठं, मागचे दोन कुठं. विजेची वायर स्पीकरच्या वायरपासून निदान फूटभर लांब, नाही तर सिनेमाभर घूं असा आवाज ऐकत बसावं लागतं. पंचवीस वर्षं दिल्लीत मी हेच करतोय. नकाशात आणि भिंतीत चार बोटांचा फरक पडला तर मला जेवण जात नाही.

गुरुग्रामचं हे काम नोव्हेंबरातलं. घर सुरुची टिपणीसचं. मूळची पुण्याची, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिवसभर वरच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. सिनेमा तळघरात करायचा होता. खोली छान होती. एकही खिडकी नाही, कोरड्या भिंती, जिन्याखाली मशिनांच्या कपाटाला नेमकी जागा. मला अशी खोली मिळाली की मूड लागतो. अडचण एकच होती. हवा बिघडत चालली होती आणि शनिवारपासून बांधकामबंदी लागणार, अशी बातमी होती. त्याआधी पाइपांची तोंडं तपासून, डब्या बसवून, भिंती बुजवून टाकायच्या होत्या.

सोमवारी सकाळी नीरजनं मागच्या उजव्या स्पीकरच्या डबीतून स्प्रिंग आत सारली. नीरज माझा वायरमन, पन्नाशीचा, इटाव्याचा, अठरा वर्षं माझ्यासोबत आहे. स्प्रिंग म्हणजे लांब लवचीक पट्टी. ती पाइपातून सारायची, दुसऱ्या टोकाला बाहेर आली की तिला केबल बांधायची आणि ओढून घ्यायची. मी जिन्याखालच्या कपाटाशी उकिडवा बसून वाट बघत होतो. या पाइपाचा हिशेब मला पाठ होता. स्पीकरच्या डबीपासून वर दीड मीटर, लांब भिंतीतून साडेसहा, आडव्या भिंतीतून चार, कपाटात खाली दोन. चौदा मीटर.

"सर, निकली क्या?" नीरजनं विचारलं.

"नहीं. कितनी गई?"

त्यानं हातातली पट्टी बघितली. मग म्हणाला, "सर, पूरी गई. तीस मीटर."

मी उठून गेलो. त्याच्या हातात पट्टीची शेवटची कडी तेवढी उरली होती. मी त्याच्यावर चिडलो. पाइप अंगठ्याएवढा. त्यात पट्टीची गुंडाळी होऊच शकत नाही. आणि हा पाइप माझ्यासमोर भिंतीत गेला होता. तीन-तीन मीटरचे पाच तुकडे, त्यातला पाचवा मीटरभर कापलेला. तो कापलेला तुकडा अजून कोपऱ्यात पडला होता. माझ्या फोनमध्ये टेप लावून काढलेले फोटो होते. चौदा मीटर म्हणजे चौदा मीटर.

नीरज पट्टी परत ओढायला लागला आणि थांबला. "सर," तो हळूच म्हणाला, "उधर से कोई खींच रहा है."

मी पट्टी हातात घेतली. काही नव्हतं. निदान मी त्याला तसं सांगितलं.

मंगळवारी आम्ही दोन स्प्रिंगा जोडल्या. मी मार्करनं मीटरमीटरवर खुणा केल्या. या वेळी पट्टी सत्तेचाळीसच्या खुणेवर अडली. भिंतीला टेकल्यासारखी नाही. काहीतरी मऊ लागलं, आणि दाबलं की तेवढंच मागं सरकत होतं. नीरज म्हणाला, चहा पिऊन येतो. तो तासभर आला नाही.

मी डबीपाशी गुडघ्यावर बसलो. पाइपातून वारा येत होता. दोन्ही टोकं एकाच तळघरात, पंखा बंद, तरी गालाला लागेल असा वारा. त्याला वास होता, ओल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा आणि माकडांच्या मुताचा. मग फार लांबून मोर ओरडला. गुरुग्रामात मोर आहेत, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पण तो वास मला ओळखीचा होता. गेल्या वर्षी महिनाभर रोज मी तो वास घेतला होता.

आता स्वानंदीबद्दल सांगायला हवं. ती आमची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांची होती, नॉर्थ कॅम्पसला शिकत होती. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका सकाळी कॉलेजला म्हणून निघाली आणि परत आली नाही. तिच्या फोनचं शेवटचं ठिकाण हिंदूराव हॉस्पिटलमागच्या रिजवर, म्हणजे टेकडीवरच्या जंगलात निघालं. पोलिसांनी शोधलं, कुत्री फिरवली. मी आणि शुभदा, म्हणजे माझी बायको, महिनाभर रोज त्या बाभळींमधून तिला हाका मारत फिरलो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसपासून प्रत्येक मराठी मंडळाच्या ग्रुपपर्यंत तिचा फोटो पोचवला. वीस महिने झाले. वीस महिन्यांत शुभदानं एकदाही दाराला आतून कडी लावलेली नाही.

आणि त्या सकाळचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. शुभदालाही नाही.

स्वानंदी दिल्लीत वाढली. तिचं मराठी म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. तिला ळ कधी जमला नाही. शाळेला शाला, केळ्याला केला. निम्मे शब्द हिंदी. मला ठंडी लागते, मी थकून गेली. मी जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर तिला टोकायचो. त्या सकाळी मी टेबलावर कुणाच्या तरी घराचा नकाशा काढत होतो. ती दारातून म्हणाली, "चलो बाबा, जाते."

मी मान वर न करता म्हणालो, "जाते म्हणू नये. किती वेळा सांगायचं? येते म्हण."

"यार बाबा, तू पण ना. मी येत नाहीये, जातेय ना! येईन तेव्हा येते म्हणेन."

येते म्हटलं की आपण 'ये' म्हणतो. आमच्या घरी कुणी दूध आणायला निघालं तरी म्हणतात. ती येते म्हणाली नाही, म्हणून मी ये म्हणालो नाही. रागानं गप्प बसलो. दार लागलं. मी पट्टीनं रेघ मारत राहिलो.

तर मी तळघरात त्या पाइपाला कान लावून बसलो होतो. मला माझी लाज वाटत होती आणि कानही काढवत नव्हता. बराच वेळ नुसता वारा होता. मग आवाज आला.

"बाबा."

तिचाच. थोडा चोंदलेला, सकाळी उठल्यावर असायचा तसा.

"बाबा, इथे काळोख आहे."

मी पाइपात तोंड घालून तिला हाका मारल्या. किती, ते आठवत नाही. सुरुची हेडफोन गळ्यात अडकवून जिन्यावर आली तेव्हा मी भिंतीला धरून रडत होतो.

"काका, काय झालं?"

"काही नाही. धूळ."

ती चार पायऱ्या उतरली आणि तिनं नाकाला ओढणी लावली. "इथे काही मेलंय का? उंदीर वगैरे?" मी नाही म्हणालो. तिला माझ्या मुलीचं माहीत होतं. मंडळाच्या ग्रुपवर तिनंच एकदा तो फोटो पुढं पाठवला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी विचारणार होती, पण तिची मीटिंग सुरू झाली.

बुधवारी मी नीरजला सुट्टी दिली आणि एकटा गेलो. शुभदाला काही बोललो नव्हतो. तिला आशा दाखवायची आणि ती खोटी निघाली तर, हे मला सहन झालं नसतं. पट्टी घातली. सत्तेचाळीस. मी जमिनीवर आडवा होऊन डबीला कान लावला आणि सगळं बोलून टाकलं. त्या सकाळचं, रेघेचं, माझ्या मूर्ख हट्टाचं. चुकलो म्हणालो. पंचावन्न वर्षांचा माणूस भिंतीतल्या भोकाची माफी मागत होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

खूप वेळानं पाइपातून आवाज आला.

"येते हं, बाबा."

येईन तेव्हा येते म्हणेन, असं ती म्हणाली होती. शब्द पाळला पोरीनं. मी क्षणभरही विचार केला नाही. वीस महिने घशात अडकलेला शब्द होता तो.

"ये," मी म्हणालो. "ये बाळा. घरी ये."

वारा थांबला.

गुरुवारी पट्टी एकतिसाव्या खुणेवर अडली.

मी तीनदा मोजलं. सोळा मीटर अलीकडे. दुपारी पुन्हा मोजलं, तर पंचवीस. मला इतका आनंद झाला की मी तळघरात एकटाच टाळ्या वाजवल्या. अंगठ्याएवढ्या पाइपातून माणूस येत नाही, हे मला कळत होतं. उंदीरसुद्धा नीट येणार नाही. पण पाइप चौदा मीटरचा आहे हेही मला कळत होतं, आणि पट्टी तर पंचवीस मीटर आत जात होती. एकदा हिशेब सुटला की माणूस कुठंही हो म्हणतो.

नीरज दोन वाजता आला. त्यानं पट्टीवरची ओल बोटानं पुसली, वास घेतला आणि पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबली. मी ती काढून फेकली.

"सर, मेरी बात मानिए," तो म्हणाला. "मैडम भी बोल रही हैं. कल इसको बंद कर देते हैं. स्पीकर की तार ऊपर से ले जाएँगे."

"तुमने कुछ सुना?"

"मैं उसके पास बैठता ही नहीं."

संध्याकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये परतलो. शुभदा ऑफिसमधून येऊन चहा ठेवत होती. ती मंत्रालयात असते, हे क्वार्टर तिच्याच नोकरीचं. बाहेर धुरकं उतरलं होतं, समोरची इमारतही दिसत नव्हती. तिनं खिडकी लावून घेतली.

"बघा, साडेसहालाच केवढा काळोख झाला," ती म्हणाली.

कप माझ्या हातात तसाच राहिला.

काळोख. स्वानंदीला हा शब्द येत नव्हता. ती अंधेरा म्हणायची. तिसरीत असताना मी तिला तो शिकवायला गेलो होतो. कालोख, कालोख म्हणून ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं. पाइपातला ळ स्वच्छ होता. पुण्यात वाढलेल्या माणसाचा असतो तसा.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घालत पडून राहिलो. वीस महिन्यांत माणूस एक अक्षर शिकू शकतो. कुणी शिकवलं असेल. तिनं माझ्यासाठी शिकून घेतलं असेल. बाबांना बरं वाटावं म्हणून.

शुक्रवारी सकाळी पट्टी सहाव्या खुणेवर अडली.

सहा मीटर म्हणजे आता ते खऱ्या पाइपात होतं. माझ्या नकाशातल्या, मी फोटो काढलेल्या पाइपात. वर दीड, मग लांब भिंतीतून साडेचार. मी टेप लावून ती जागा काढली आणि भिंतीवर पेन्सिलनं फुली मारली. फुलीवर तळहात ठेवला. प्लास्टर तिथं कोमट होतं.

हाताखाली काहीतरी थोडंसं सरकलं.

सुरुची खाली आली. आज तिच्या गळ्यात हेडफोन नव्हते. "काका, प्लीज. आज हे बंद करून टाका. मला रात्री वरपर्यंत वास येतो. आणि..." ती थांबली. "मला वाटतं, कुणीतरी बोलतं. मराठीत."

"काय बोलतं?"

"तुमचा पत्ता," ती म्हणाली. "सारखा. पाठ करत असल्यासारखा."

नीरजनं घमेल्यात प्लास्टर कालवून ठेवलं होतं. थापी माझ्या हातात दिली आणि तो सुरुचीबरोबर वर निघून गेला. मी डबीसमोर बसलो. थापीवर प्लास्टर घेतलं. दोन मिनिटांचं काम होतं. मी आयुष्यात अशी हजार तोंडं बुजवली असतील.

"बाबा," आतून आवाज आला. अगदी जवळून. "बुजवू नका."

स्वानंदी मला तू म्हणायची. आणि बुजवणं हा शब्द तिनं ऐकलासुद्धा नसेल. ती म्हणाली असती, बाबा, बंद नको करू ना, यार.

मला कळलं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं मला कुणी भोळा म्हणू नये. मला पुरतं कळलं.

थापीवरचं प्लास्टर सुकत होतं.

मी थापी घमेल्यात ठेवून दिली.

मग मी किती वेळ तिथं बसलो, सांगता येणार नाही. भान आलं तेव्हा वास गेला होता. मी उठून पट्टी घेतली आणि डबीतून आत सारली. ती अडखळली नाही. दहा. बारा. तेरा. जिन्याखालच्या कपाटात खट् असा आवाज झाला. जाऊन बघितलं. पट्टीचं टोक पाइपातून बाहेर येऊन कोरडं ठणठणीत लोंबत होतं.

चौदा मीटर. नकाशाबरहुकूम.

आयुष्यात पहिल्यांदा माप बरोबर आलं म्हणून मी घाबरलो. मी शुभदाला फोन लावला. तिनं उचलला नाही. मेट्रोत बसलो, आयएनए स्टेशनला गाडी बदलली, सरोजिनीच्या बाजारातून वाट काढत पळालो. जिना चढलो तेव्हा साडेचार वाजले होते. शुभदा सहाच्या आत कधी येत नाही.

दार तिनंच उघडलं. पर्स अजून खांद्याला होती.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. "आलीय."

आतून पाल्याचा वास येत होता. स्वानंदीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. बारीक झालीय." शुभदानं पर्स खाली ठेवली. "खूप बारीक झालीय."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"भूक लागली म्हणाली. केळं मागितलं." तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. "केळं म्हणाली, अहो. केला नाही."

"शुभदा..."

"टोकायचं नाही हं तिला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आता काही म्हणजे काही टोकायचं नाही."

"आई," खोलीतून आवाज आला, "बाबा आले का? येते हं."

मला शुभदाच्या तोंडावर हात ठेवायचा होता. मी ठेवला नाही.

"ये," शुभदा म्हणाली.

खोलीचं दार अंगठ्याएवढं किलकिलं होतं. तिला तेवढं पुरलं.